माणूस कुठल्या जिल्ह्यात मरतो?

आजोबा २०२२ च्या जुलैत गेले. वय नव्वद. जन्म, शाळा, लग्न, शेती सगळं संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत. फक्त शेवटचे चार दिवस कोल्हापुरात. रात्री धाप लागली, गावाजवळच्या डॉक्टरांनी "इथं वेळ घालवू नका" म्हणून सांगितलं आणि भर पावसात आंबा घाट चढून आम्ही त्यांना तिकडे नेलं.

दोन महिन्यांनी सातबाऱ्यावर वारसनोंद करायची म्हणून मृत्यूचा दाखला हवा होता. ग्रामपंचायतीत गेलो. भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. "आजोबा कोल्हापुरात वारले ना? मग नोंद तिकडेच. माणूस जिथं जातो तिथं नोंद होते."

कोल्हापूरहून दाखला आणला. मृत्यूचं ठिकाण कोल्हापूर, ते ठीकच. पण कायमच्या पत्त्याच्या रकान्यात पुण्यातल्या माझ्या फ्लॅटचा पत्ता होता. चूक माझीच. दवाखान्यात रात्री अडीच वाजता फॉर्म मी भरला होता आणि सवयीने, कुरिअरवाल्याला देतो तसा, माझाच पत्ता लिहिला होता. पुण्यात आजोबा उभ्या आयुष्यात मोजून सहा रात्री राहिले असतील.

थोडक्यात, सरकारदरबारी एक पुणेकर म्हातारा कोल्हापुरात वारला. रत्नागिरी जिल्ह्यात त्या दिवशी काहीच घडलं नाही.

माझं रोजचं काम आकड्यांच्या टेबलांशी आहे. दोन टेबलं जोडताना एका ठिकाणची ओळ दुसऱ्या ठिकाणी गेली की पुढचे सगळे हिशेब चुकतात, हे मला पाठ आहे. त्यामुळे दाखला बघून आधी ओशाळलो आणि मग एक प्रश्न डोक्यात शिरला. अशा किती ओळी सरकल्या असतील? आणि किती वर्षांपासून?

अंश आणि छेद

मृत्युदर म्हणजे साधा भागाकार. वर षभरातले मृत्यू, खाली लोकसंख्या, गुणिले हजार. असे जिल्हावार दर काढून महाराष्ट्राचा नकाशा रंगवायचा, की गडद जिल्हे वाईट आणि फिकट जिल्हे चांगले. मोबाइलवर असा नकाशा आला की आपण आधी आपला जिल्हा शोधतो.

या भागाकारात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. अंशातली माणसं छेदातल्याच माणसांपैकी आहेत. जिथली लोकसंख्या, तिथलेच मृत्यू. कोकणात हे गृहीतक फार जुन्या काळापासून लंगडं आहे. १८८१ च्या खानेसुमारीतच मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली एक लाखाहून जास्त माणसं सापडली होती. (तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग येत होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये.) कमावत्या वयाचे पुरुष मुंबईत, बायका-मुलं-म्हातारी गावात. पगार मनिऑर्डरने इकडे, माणूस तिकडे. मग त्याचं मरण कुठल्या खात्यात टाकायचं?

जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना करताना फसायला होतं, हे इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकातच लक्षात आलं होतं. एडविन चॅडविक या अधिकाऱ्याने १८४२ मध्ये कामगारवर्गाच्या आरोग्यावर गाजलेला अहवाल लिहिला. त्यातल्या एका तक्त्यात मृत्यूच्या वेळचं सरासरी वय दिलं होतं. रटलंड या शेतीप्रधान परगण्यात मजुरांचं ३८ आणि लिव्हरपूलच्या मजुरांचं फक्त १५. आकडा वाचून लोक हादरले. दोन वर्षांनी नेसन नावाच्या गणितज्ञाने एक शंका काढली. ज्या गावात मुलंच जास्त आहेत, तिथे मरणाऱ्यांत मुलंच जास्त असणार आणि सरासरी वय खाली येणारच. दोन ठिकाणची तुलना करायची तर आधी दोन्हीकडच्या जिवंत माणसांची वयं बघा. मग दोन्हीकडे एकाच वयरचनेची लोकसंख्या आहे असं धरून दर पुन्हा काढा. आज ज्याला प्रमाणित मृत्युदर म्हणतात, त्याची ही सुरुवात.

नेसनने लिव्हरपूलमधली घाण नाकारली नव्हती. लिव्हरपूल वाईटच होतं. किती वाईट, ते त्या तक्त्यावरून सांगता येत नव्हतं, एवढंच त्याचं म्हणणं.

प्लेगच्या दशकात वाढलेला जिल्हा

आता आपल्याकडे येऊ. १८९१ ते १९०१ हे मुंबई इलाख्याच्या इतिहासातलं बहुधा सगळ्यात काळं दशक. १८९६-९७ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ आणि मधे प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला आणि पुढे काही महिन्यांत शहरातली जवळपास निम्मी माणसं पळाली.

या दशकात एकाच इलाख्यातल्या जिल्ह्यांचं नशीब किती वेगळं होतं पाहा. गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे सहाव्या हिश्श्याने घटली, मुख्यतः दुष्काळामुळे. घाटावर सातारा, बेळगाव, धारवाड या जिल्ह्यांत प्लेगने कहर केला. मुंबई शहर ८ लाख २१ हजारांवरून ७ लाख ७६ हजारांवर आलं. आणि रत्नागिरी? साधारण ११ लाख ६ हजारांवरून ११ लाख ६८ हजारांवर गेली. चक्क वाढली.

कारणं आहेत. कोकणात पाऊस देशावरच्यासारखा दगा देत नाही. गरिबी होती, अर्धपोट होतं, पण पंचमहालसारखं गावंच्या गावं ओस पडणं नव्हतं. प्लेगचे उंदीर आणि पिसवा धान्याच्या पोत्यांबरोबर, बाजारपेठांमधून, रेल्वेच्या कडेकडेने पसरत होते. रत्नागिरीत रेल्वे यायला अजून शंभर वर्षं होती. घरंही एकमेकांना चिकटलेली नव्हती, वाड्या-वाड्यांत विखुरलेली होती. जिल्ह्याच्या मागासपणाने त्याला थोडंफार वाचवलं असं म्हणता येईल.

पण मोजणीही बघायला हवी. १९०१ ची खानेसुमारी १ मार्चला झाली, मुंबईत प्लेगचा जोर असतानाच. त्या रात्री मुंबईतले कितीतरी चाकरमानी आपापल्या गावी होते. १९०६ मध्ये मुंबईची पुन्हा मोजणी केली, तर शहर ९ लाख ७७ हजारांवर पोचलेलं. पाच वर्षांत दोन लाख माणसं जन्माला येत नाहीत, ती परत येतात. म्हणजे रत्नागिरीच्या त्या वाढलेल्या आकड्यात मुंबईहून जीव मुठीत धरून आलेले लोकही असणार. आणि जे निघू शकले नाहीत, चाळीतच गेले, ते रत्नागिरीकर मुंबईच्या अंशात जमा झाले.

६६७

या सगळ्या इतिहासातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा आकडा १९२१ सालचा आहे. त्या वर्षी मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६७ बाळं वर्षाची होण्याआधी दगावल्याची नोंद आहे. तीनातली दोन. त्याच वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये हा आकडा ८३ होता.

घराच्या आकारानुसार हिशेब केला, तेव्हा चित्र आणखी भयानक निघालं. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा जास्त खोल्यांत १३३. शहर एकच, पाणी एकाच नगरपालिकेचं. जिल्ह्या-जिल्ह्यांत जेवढा फरक सापडतो, त्याहून मोठा फरक एकाच रस्त्यावरच्या दोन घरांत.

हजारातली ८२८ बाळं मरत असतील, तर गिरणगावात पुढची पिढी उरलीच कशी? आमच्या घरापुरतं उत्तर मला माहीत आहे. माझी पणजी लालबागच्या एका खोलीत राहायची. गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला. आजोबांच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. पहिलं बाळंतपण म्हणून ती बोटीने जयगडला उतरली, पुढे होडीने खाडीतून आत, माहेरी. मुलगा गावात झाला. तीन-चार महिन्यांनी त्याला घेऊन ती कामावर परतली, कारण खोलीचं भाडं थांबत नव्हतं. पावसाळ्यात मुलगा गेला. आजी सांगते, सासूबाई याबद्दल एकच वाक्य बोलायच्या, "गावात पाचवी पुजली आणि मुंबैत नेऊन पुरला."

या एका वाक्यात ६६७ चं अर्धं कोडं सुटतं. गिरणीतल्या बायका बाळंतपणाला गावी जायच्या. जन्माची नोंद झालीच तर गावच्या पाटलाच्या वहीत. बाळ मुंबईत मेलं की मृत्यूची नोंद मुंबईत.

समजा, एका चाळीत वर्षभरात शंभर तान्ही बाळं राहिली. त्यातली ६० मुंबईत जन्मली, ४० गावी जन्मून आली. शंभरातली ४० दगावली. खरा दर हजारी ४००. पण मुंबईच्या वहीत जन्म फक्त ६०, मृत्यू ४०. भागाकार करा: ६६७. आणि गावच्या वहीत जन्म ४०, मृत्यू शून्य. मुंबई होती त्याहून क्रूर दिसते आणि कोकण होतं त्याहून निरोगी. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण बिघाड नेमका याच जागी होता. एका खोलीतला ८२८ चा आकडाही त्यामुळेच फुगलेला, कारण बाळंतपणाला गावी जाणाऱ्या बायका मुख्यतः त्याच खोल्यांमधल्या.

इथे एक मोह होतो. चूक सापडली की आपल्याला हायसं वाटतं. आकडा चुकलाय, विषय संपला. पण चूक दुरुस्त केल्यावर उरलेले ४०० घ्या, नाहीतर ३०० घ्या. तेही स्मशानच आहे. एका खोलीतलं आणि चार खोल्यांतलं अंतर कमी होतं, नाहीसं होत नाही. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी १९२२ च्या सुमारास गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली. त्यात आढळलं की आई पाळीवर असताना बाळ रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देणं जवळपास सरसकट होतं. गुंगीत पडलेलं बाळ दूध मागत नाही. हे कुठल्याही भागाकाराने पुसलं जात नाही.

१९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणात भत्ता देण्याच्या विधेयकावर चर्चा झाली. बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला अशा तऱ्हेचा पहिला. पणजीला त्याचा उपयोग झाला की नाही, हे सांगायला आता कोणी नाही. १९३२ मध्ये आजोबा झाले, तेव्हा मात्र ती त्यांना घेऊन मुंबईला परत गेली नाही. पणजोबा गिरणीत राहिले, ती गावात. म्हणून आजोबा जगले, असं आमच्या घरात मानतात.

म्हाताऱ्यांचा जिल्हा

शंभर वर्षांनी चित्र उलटं झालं आहे. २००१ ते २०११ या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली आणि रत्नागिरीची घटली: १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजार. सिंधुदुर्गाचीही घटली. २०११ मध्ये राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरीत ११२२. रत्नागिरीचा हा आकडा दिसला की "मुलींचं स्वागत करणारा जिल्हा" असा मजकूर फिरतो. त्यात थोडं तथ्य असेलही, पण मुख्य कारण आमच्या वाडीत उभं राहिलं की दिसतं. बावीस घरं, त्यातल्या नऊ घरांना कुलूप. उरलेल्या तेरांपैकी सहा घरांत एकेकटी म्हातारी.

अशा जिल्ह्याचा ढोबळ मृत्युदर जास्त येणारच. पुन्हा एक काल्पनिक उदाहरण. दोन जिल्हे, दोन्हीकडे हजार माणसं. पहिल्यात म्हातारी १००, दुसऱ्यात २००. तरुणांतलं मरणाचं प्रमाण दोन्हीकडे सारखं, हजारी २. पहिल्यात म्हाताऱ्यांचं हजारी ४०. दुसऱ्यात त्यांची काळजी जास्त चांगली घेतात, म्हणून हजारी ३५. पहिल्या जिल्ह्याचा दर येतो ५.८, दुसऱ्याचा ८.६. सगळ्या बाबतींत बरोबरीचा किंवा सरस असलेला जिल्हा नकाशावर गडद लाल.

खऱ्या आकड्यांतही हे दिसतं. केंद्राच्या नमुना नोंदणी पाहणीत २०२० चा ढोबळ मृत्युदर केरळमध्ये ७.० होता आणि बिहारमध्ये ५.४. त्याच वर्षी हजार जन्मांमागे बालमृत्यू केरळात ६ आणि बिहारमध्ये २७. केरळात मरणं जास्त, कारण तिथली माणसं म्हातारी होईपर्यंत जगतात.

मात्र रत्नागिरीच्या बाबतीत या बरोबर उलट दिशेने ओढणारी गोष्टही आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा घटना घडली त्या ठिकाणी नोंद करायला सांगतो. आमचा गंभीर आजारी माणूस घाट चढून कोल्हापूरला जातो किंवा मुंबईला मुलाकडे. दक्षिणेकडच्या सिंधुदुर्गातला गोव्यात बांबोळीला. तो तिथे गेला, तर नोंद तिथली. म्हातारपणामुळे जिल्ह्याचा दर वर चढतो आणि अँब्युलन्समुळे खाली येतो. दोन चुका एकमेकींना किती कापतात, ते नुसत्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यात २०११ नंतर वेळेवर जनगणना झाली नाही, त्यामुळे छेद अंदाजाने धरावा लागतो.

खाली आलेल्या दराची ही अडचण जास्त गंभीर आहे. घाटाच्या या बाजूला अतिदक्षता विभागात किती खाटा हव्यात, हे कोणी आकडे बघून ठरवणार असेल, तर आमची मरणं त्याला कोल्हापूरच्या रकान्यात दिसणार. ज्या जिल्ह्यात सोय नाही तिथली माणसं बाहेर जाऊन मरतात, आणि बाहेर मरतात म्हणून इथे सोयीची गरज दिसत नाही.

याचं टोक गडचिरोलीत होतं. तिथे १९८८ मध्ये डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगाव मोजलं, तेव्हा बालमृत्युदर हजारी १२१ निघाला. २००१ मध्ये त्यांनी इतर संस्थांबरोबर केलेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने राज्यभर खळबळ उडवली, कारण बालमृत्यूंचा मोठा हिस्सा सरकारी नोंदींत येतच नव्हता. जिथे मोजणारा पोचत नाही तिथला नकाशा फिकट राहतो. गडचिरोलीत दारोदार जाणाऱ्या आरोग्यदूत बायकांनी आधी मोजलं, मग घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि २००३ पर्यंत तो दर ३० च्या आसपास आणला. तेव्हा मला हे आकडे चुकतात म्हणून टाकून द्यावेत असं वाटत नाही. ते कुठून आले आणि कोण त्यातून निसटलं, एवढं विचारूनच वापरावेत.

दुरुस्ती

पणजीचा तो मुलगा १९२१ नंतर जन्मला आणि १९३१ च्या आधी गेला. दोन खानेसुमाऱ्यांच्या मधे. कुठल्याच छेदात तो कधी आला नाही. आजोबांचं उलट झालं. २०११ च्या जनगणनेत शाळामास्तर घरी आले, तेव्हा आजोबा ओटीवर बसून होते. त्यांनी स्वतः सगळ्यांची नावं सांगितली. रत्नागिरीच्या १६ लाख १५ हजारांत ते आहेत. मृत्यूंत नाहीत.

नोंदीतली चूक दुरुस्त करता येते. प्रतिज्ञापत्र, आधार, रेशन कार्ड, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला. त्यासाठी भाऊसाहेबांकडे पुन्हा गेलो. या वेळी त्यांनी रजिस्टर उघडलं, घरपट्टीचं. आजोबांच्या नावासमोरची सगळी वर्षं भरलेली होती. "एक वर्ष चुकवलं नाही म्हाताऱ्यानं," म्हणाले आणि दाखल्यावर सही केली.

कोल्हापूरला दोन फेऱ्या झाल्या. आता दाखल्यावर कायमचा पत्ता आमच्या वाडीचा आहे, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी. मृत्यूचं ठिकाण कोल्हापूरच आहे. ते बदलण्यासारखं नव्हतं.